नुसतं मन मोकळं करणं म्हणजे थेरपी नव्हे

थेरपीवरचा हा लेख चांगला आहे पण त्यातलं "थेरपी म्हणजे कोणापाशी तरी मन मोकळं करणं, ते काम जवळचा मित्रही करू शकतो" हे वाक्य अजिबात पटलं नाही. मित्र होते की मला, फोंड्यात रोज भेटणारे, जीव लावणारे, आणि तरी सकाळी अंथरुणातून उठवत नव्हतं, आंघोळ सुद्धा डोंगराएवढी वाटायची. कौन्सेलर बाईंनी पहिल्या भेटीनंतर वही करायला लावली, दिवसभरात काय केलं आणि तेव्हा मनाला दहापैकी किती बरं वाटलं एवढंच लिहायचं. भजनात पेटी वाजवायचो ते कधीच सुटलं होतं, तर त्यांनी वाजवा नाही म्हटलं, या आठवड्यात फक्त पेटीवरची धूळ पुसा म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात दोन मिनिटं भाता मारा. मूड सुधारण्याची वाट न बघता आधी छोटी कृती करायची, मन मागाहून येतं, ही पद्धत आहे आणि ती शिकावी लागते.

आणि हे खूप शिकलेल्या डॉक्टरलाच जमतं असंही नाही हां. आपल्याच गोव्यात संगाथ संस्थेने साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ भेटींत हेच करून दाखवलं, २०१७ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आलं ते, नेहमीच्या उपचारांसोबत ह्या भेटी मिळालेल्यांना जास्त फरक पडला. त्रास वाढला असेल तर बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार हॉस्पिटल आहे, जायला लाजू नका, आणि कोणाला आत्ताच बोलायचं असेल तर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ फुकट आहे, रात्री सुद्धा लागतो.