‘भोंदू’ म्हणून हा विषय संपत नाही: अँटिऑकच्या भाल्यावरील एका प्रतिक्रियेला उत्तर

पहिल्या धर्मयुद्धात (क्रुसेडमध्ये) अँटिऑक येथे सापडलेल्या, येशूच्या कुशीत खुपसलेला मानल्या गेलेल्या पवित्र भाल्यावरील माझ्या लेखमालेच्या तिसऱ्या भागाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी दोन दिवसांत चार वेळा वाचली. पहिल्यांदा वाचल्यावर लगेच लिहिलेले उत्तर मी पुसून टाकले, कारण त्यात माझा राग जास्त आणि मुद्दा कमी होता. आता शांतपणे लिहितो आहे.

तुमचे म्हणणे थोडक्यात असे: तो भाला शोधून देणारा पीटर बार्थोलोम्यू हा भोंदू होता, त्याने लोखंडाचा तुकडा आधी पुरला आणि मग उकरून दाखवला, आणि ‘एवढे एक वाक्य लिहिले असते तरी पुरे होते’, मी ज्याच्या आधारे लिहिले तो बखरकार, आगिलेरचा रेमों, हा धर्मयुद्धातला एक सेनानी काउंट रेमों याच्या पदरचा माणूस होता, पीटरचे दृष्टान्त काउंटच्या राजकारणाला सोयीचे होते, लेखातले छायाचित्र चुकीचे आहे, आणि शेवटी, ‘श्रद्धाळू घरात वाढलेल्यांनी अशा विषयांना हात घालू नये’.

छायाचित्राबाबत तुमचे बरोबर आहे. मी लावलेले चित्र व्हिएन्नाच्या हॉफबुर्ग राजवाड्यातील खजिन्यात ठेवलेल्या भाल्याचे होते. तो जर्मन सम्राटांच्या राजचिन्हांपैकी एक असून अँटिऑकच्या भाल्याशी त्याचा संबंध नाही. चूक माझी आहे आणि ती दाखवल्याबद्दल मी तुमचा आभारी आहे.

परंतु ‘भोंदू’ हा शब्द मी मान्य करणार नाही, आणि तो का करणार नाही हे सविस्तर सांगणार आहे. ३ जून १०९८ रोजी क्रुसेडरांनी, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, अँटिऑक शहर घेतले आणि काही दिवसांतच मोसुलचा मुस्लिम सरदार करबुगा याची फौज शहराबाहेर येऊन थडकली. कालपर्यंत वेढा घालून बसलेली माणसे आता स्वतःच वेढ्यात सापडली. अंजिराची आणि द्राक्षवेलींची पाने उकडून, जनावरांची वाळकी कातडी शिजवून ती दिवस काढत होती आणि रात्री कोणी कोणी दोरावरून तट उतरून पळून जात होते. अशा वेळी १० जूनला प्रोव्हान्सकडचा एक गरीब माणूस तुलूझचा काउंट रेमों आणि बिशप अधेमार यांच्यापुढे उभा राहून सांगतो की, संत आंद्रेयाने आपल्याला अनेकदा दर्शन दिले आणि प्रभू येशूच्या कुशीत खुपसलेला भाला संत पीटरच्या मंदिरात पुरलेला असल्याचे दाखवले. बिशपला ते पटले नाही. काउंटला पटले. हे सगळे मी पहिल्या भागात लिहिले होते. इथे पुन्हा लिहावे लागते आहे, कारण तो भाग तुम्ही वाचला असावा असे तुमच्या प्रतिक्रियेवरून वाटत नाही.

त्या मंदिरात तेरा माणसे सकाळपासून खणत होती. संध्याकाळ झाली, खणणाऱ्यांचे हात थकले, काउंट स्वतः निघून गेला होता, आणि हाती काहीच लागत नव्हते. तेव्हा पीटर अंगावरच्या एका सदऱ्यानिशी, अनवाणी, खड्ड्यात उतरला आणि भाल्याचे टोक दिसले. काउंटचा धर्मगुरू, आगिलेरचा रेमों, तिथे हजर होता आणि केवळ टोक मातीबाहेर आले असतानाच आपण त्याचे चुंबन घेतले असे त्याने लिहून ठेवले आहे. तुम्ही त्याच्याविरुद्ध इब्न अल-अथीरचा दाखला देता, कारण भाला आधीच पुरून ठेवला होता असे तो सांगतो. तो थोर इतिहासकार होता यात शंका नाही, पण त्याचा जन्म ११६० चा आहे. खड्ड्याच्या काठावर उभा असलेला माणूस पक्षपाती म्हणून बाद, आणि बासष्ट वर्षांनी जन्मलेला माणूस ग्राह्य, हा न्याय कोणता?

आणि समजा, पीटरने तो तुकडा खरोखरच स्वतः पुरला होता. तरीही ८ एप्रिल १०९९ या दिवसाचे काय करायचे? तो गुड फ्रायडे होता. सैन्य त्रिपोलीजवळ अर्का येथे अडकून पडले होते आणि नॉर्मंडीच्या ड्यूकचा धर्मगुरू आर्नुल्फ याने भाल्याबद्दल उघड शंका घेतली होती. त्यावर पीटरने स्वतः अग्निदिव्य मागितले. वाळलेल्या ऑलिव्हच्या फांद्यांचे दोन ढीग रचले गेले, चार फूट उंच, तेरा फूट लांब, आणि दोन्हींमध्ये जेमतेम फूटभर वाट. ज्वाला उसळल्यावर तो भाला हातात धरून त्या वाटेने चालत गेला. पलीकडे निघाल्यावर लोकांनी त्याला स्पर्श करण्यासाठी गराडा घातला, त्याच्या कपड्यांचे तुकडे ओढून घेतले, आणि मग त्याच जमावाने जळक्या फांद्या आणि राखही पवित्र म्हणून इतक्या घाईने उचलली की थोड्या वेळात तिथे काही शिल्लक राहिले नाही. बारा दिवसांनी पीटर मेला. आगिलेरचा रेमों म्हणतो, गर्दीत चेंगरून मेला. दुसरा बखरकार, शार्त्रचा फुशे, म्हणतो, भाजून मेला. मला त्या दोघांतला निवाडा करायचा नाही. लोकांना फसवून पोट भरणारा माणूस त्या फूटभर वाटेवर पाऊल ठेवत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि तुमच्या एका वाक्यात त्या पावलाला जागा नाही.

राहिले बखरकाराच्या निष्ठेचे आणि काउंटच्या राजकारणाचे मुद्दे. ते जुने आहेत, अभ्यासकांना ठाऊक आहेत, आणि त्यांची इथे उजळणी करण्याची मला गरज वाटत नाही.

आता तुमचे शेवटचे वाक्य. होय, मी वसईच्या एका कॅथलिक घरात वाढलो. १९७४ च्या डिसेंबरात, दहा वर्षांचा असताना, संत फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाला आजीबरोबर बोटीने गोव्याला गेलो होतो. जुन्या गोव्यातल्या त्या रांगेत आम्ही चार तास उभे होतो. काचेच्या पेटीपाशी पोचल्यावर आजीने कनवटीचा रुमाल काढून काचेला टेकवला आणि परत घडी घालून ठेवला. तो रुमाल ती कधी धूत नसे. घरात कोणाला ताप आला की उशाशी ठेवत असे आणि त्याच वेळी डॉक्टरांकडेही पाठवत असे. तिला तुम्ही काय म्हणाल? पुढे मी एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, आणि धर्मयुद्धांचा धडा शिकवताना अर्काच्या त्या जमावाची राखेवर पडलेली उडी मुलांना समजावून सांगायला मला अडचण पडली नाही, ती त्या रुमालामुळेच. अशा घरात वाढल्याने माझी नजर अधू झाली असे तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही ज्या कोरड्या घरात वाढलात तिथून तुम्हाला या माणसांचे नेमके काय दिसले, तेही लिहा. मला तुमच्या प्रतिक्रियेत हिणवण्यापलीकडे काही आढळले नाही, आणि मतभेद मांडायला ती भाषा लागत नाही, हे तुमच्यासारख्या वाचत्या माणसाला सांगावे लागते याचे मला खरोखर वाईट वाटते.

‘ही मालिका आता थांबवा’ असेही तुम्ही सुचवले आहे. ती थांबणार नाही. चौथा भाग फ्रान्सचा राजा नववा लुई आणि येशूच्या डोक्यावरचा मानला जाणारा काटेरी मुकुट यांच्यावर आहे. कॉन्स्टँटिनोपलच्या सरदारांनी व्हेनिसच्या व्यापाऱ्यांकडे गहाण टाकलेला तो मुकुट लुईने १,३५,००० लिव्ऱ (तेव्हाचे फ्रेंच चलन) मोजून सोडवला आणि १२३९ मध्ये अनवाणी चालत पॅरिसमध्ये आणला. तोही तुम्हाला भाबडेपणा वाटेल. तसे वाटले तर अवश्य लिहा, मात्र लेख पूर्ण वाचून लिहा.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. व्हिएन्नाचे छायाचित्र मात्र आज सकाळीच काढले आहे.