एक हरवला

आज सकाळी धाकट्या जावेसोबत अंगणवाडीत गेले होते. तिला सहावा महिना चालूये, घरपोच आहाराची पाकिटं घ्यायची होती. पाकिटं समोर टेबलावर पडलेली आणि ती हातात पडायला सव्वा तास लागला. कारण चेहरा जुळत नव्हता. 2025 च्या जुलैपासून पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये चेहरा जुळल्याशिवाय पाकीट द्यायचं नाही असा नियम आहे, त्याच्या आधी ई-केवायसी, त्याचा ओटीपी जातो दिराच्या नंबरवर आणि दीर गेलेत ऊसतोडीला, तिथं रेंज नाही. ताई बिचाऱ्या फोन वर धरून आधी दारात, मग ओट्यावर, मग हापशापाशी. आत अकरा पोरं. एक चिमुरडी मुठीत चिंचोके घेऊन ताईंच्या मागं मागं फिरत होती, ताई बघा ना, ताई बघा ना. ताई म्हणाल्या, थांब गं बाळा. चार वेळा म्हणाल्या, मी मोजलं.

ते चिंचोके बघून मला भरून आलं.

माझा लेक याच अंगणवाडीत होता. तीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. घरात आई, पाणी, बास. चार महिने तो दाराजवळ ताईंचा पदर धरून बसून राहिला, आणि ताईंनी चार महिने पदर सोडवून घेतला नाही. रोज त्याच्यापुढं चिंचोके मांडायच्या, एक, दोन, तीन, आणि तो नुसता बघायचा. एके दिवशी मी न्यायला गेले तेव्हा ताईंनी पाच मांडले आणि त्याचं लक्ष नसताना एक हळूच उचलला. त्यानं बघितलं, बोट ठेवून ठेवून मोजलं आणि म्हणाला, "एक हरवला."

दोन शब्द. त्यात मोजणं आलं, वजाबाकी आली, आणि पोरगं बोललं. रजिस्टरला त्या दिवशी काय पडलं असेल? हजर. खिचडी खाल्ली. वजन 12 किलो 100 ग्रॅम.

बरं, वजन नकोच असं नाही म्हणत मी. कुपोषण कागदावर दाबून ठेवलेलं आपण सगळ्यांनी बघितलंय, मेळघाटचं नाव काढलं तरी पुरे. खोटी नावं लावून आहार उचलणारे पण होते, ते ॲपमुळे सापडत असतील तर सापडू देत. मान्य. पण त्यासाठी पोरांचा वेळ कापायचा?

कारण दुपारी ताईंचा फोन आला, आवाज रडवेला. ग्रुपवर मेसेज पडलाय म्हणे, तुमचं केंद्र मागे आहे. मागे म्हणजे चेहरे कमी जुळले! अरे, त्या बाईनं किती मुकी पोरं बोलती केली ते विचारा ना कधीतरी! 2021 ला राज्यातल्या हजारो सेविकांनी कामासाठी मिळालेले ते बंद पडणारे फोन सरकारला परत केले तेव्हा लोक म्हणाले कामचुकार आहेत. या बायकांना कामचुकार म्हणायला जीभ कशी रेटते?

अंगणवाडी हा शब्दच मुळात शिकवण्यातनं आलाय हो. ताराबाई मोडकांनी 1945 ला बोर्डीत काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत, पुढं कोसबाडला वारली आदिवासींच्या पाड्यांवर. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा पोरांच्या अंगणात न्यायची, आणि शिकवायला काय, तर बिया, पानं, शंख, खडे. चिंचोकेच की! मग 1975 ला सरकारी योजना आली, आहार आला, लसीकरण आलं, चांगलंच झालं, पण शिकवणं हळूहळू कोपऱ्यात गेलं. आता तर एकटी बाई आणि तिच्या गळ्यात सगळं.

मोजायचंच असेल तर नीट मोजा की. तमिळनाडूत 320 अंगणवाड्या घेऊन त्यातल्या निम्म्यांत फक्त शिकवायला अर्धा दिवस एक जास्तीची बाई दिली, तर शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, पोरं भाषा-गणितात पुढं गेली आणि कुपोषणसुद्धा कमी झालं. ॲप नाही दिलं, माणूस दिला. अमेरिकेत मिशिगनला 1962 मध्ये पेरी नावाच्या बालवाडीतनं 123 गरीब पोरांवर अभ्यास सुरू केला, निम्म्यांना बालवाडी, निम्म्यांना नाही, आणि ती चाळिशीत जाईपर्यंत मागोवा घेतला, कोण शिकलं, कोण कमावतंय, कोण तुरुंगात गेलं. हां, सगळीकडं असं छान निघत नाही, तिथल्याच टेनेसीत बालवाडीतली पोरं सहावीत मागं पडलेली दिसली. पण निदान पोरांकडं बघितलं तरी त्यांनी. आपण आईच्या चेहऱ्याचा फोटो बघतोय.

मघाशी रागात बरंच लिहिलं, ऑफिसातली माणसं पण वरून आलेलंच पुढं ढकलतात, कळतं मला. पण ती चिमुरडी डोळ्यापुढनं जात नाही. तिच्या मुठीत किती होते ते शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही. मी पण नाही, मी पाकिटाच्या रांगेत होते.

उद्या दहाला जाणारे. ताईंना म्हटलंय, तुम्ही नेटवर्क बघा, तेवढा वेळ मी पोरांत बसते. गावातल्या अजून कुणाला तासभर जमत असेल तर या.

लेक आता चौथीत आहे. जेवताना त्याला विचारलं, चिंचोके आठवतात का रे? नाही म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, ताईंची एक पिशवी होती ना, तिला आतून फुलाफुलांचं कापड होतं.