कमल बसदी हेमाडपंताची नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हापुन्हा फिरतो. त्याचे म्हणणे असे: बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी (बसदी म्हणजे जैन मंदिर), हलशीचे भूवराह नरसिंह मंदिर आणि कित्तूरजवळच्या देगावचे कमलनारायण मंदिर ही तिन्ही हेमाडपंताने बांधली, चुना न वापरता दगडावर दगड बसवण्याची युक्ती त्याचीच, त्या वेळी इथे देवगिरीच्या यादवांचे राज्य होतेच, आणि देवळांतले कानडी शिलालेख नंतर कुणीतरी आणून बसवले. हे आपल्या मुलखाच्या प्रेमापोटी लिहिले आहे, यात शंका नाही. पण चारही विधाने खोटी ठरतात.

आधी हेमाडपंत कोण ते पाहू. हेमाद्री पंडित हा महादेव यादव (1261 ते 1271) आणि त्यानंतर रामदेवराय यांच्या दरबारातला श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख. ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा धर्मशास्त्राचा प्रचंड ग्रंथ त्याच्या नावावर आहे. त्याच्या कारभाराचा काळ 1260च्या पुढचा.

आता देवळांच्या तारखा घ्या. हलशीच्या लेखात कलियुग वर्ष 4270 आहे, देगावच्या लेखात 4275. गोव्याचे कदंब राजे शकाऐवजी बऱ्याचदा कलिवर्ष लिहीत. गत कलिवर्षातून 3101 वजा केले की इसवी सन मिळतो: हलशी 1169, देगाव 1174. देगावचे देऊळ कदंब राजा शिवचित्त पेर्माडीची राणी कमलादेवी हिने बांधवले. कारागिराचे नावही लेखात आहे, तिप्पोज. बांधवणारी राणी, घडवणारा सूत्रधार आणि वर्ष अशी तिन्ही नावानिशी सापडतात, असे भाग्य फार थोड्या देवळांना लाभते. ते पुसून तिथे हेमाडपंत लिहिणे हा कमलादेवीवर आणि तिप्पोजावर उघड अन्याय आहे.

कमल बसदीचा हिशेब जरा जपून करावा लागतो आणि चूक इथेच होते. बेळगावच्या रट्ट जिनालयाला, म्हणजे रट्ट राजघराण्याच्या काळातल्या याच बसदीला, दिलेल्या दानाचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत शके 1127, रक्ताक्षी संवत्सर, पौष शुद्ध द्वितीया अशी मिती आहे. शकात 78 मिळवून मोकळे झाले तर 1205 येते, आणि पौषातल्या मितीला जानेवारीचा एक वाढवला तर 1206. पण दक्षिणेकडच्या साठ संवत्सरांच्या चक्रात रक्ताक्षी 1204-05 मध्ये पडतो. म्हणजे लेखातला 1127 हा चालू शक आहे, सरलेला नव्हे; सुरू असलेले वर्षही त्यात मोजलेले आहे. त्यातून एक कमी करून मगच 78 मिळवायचे. मिती येते डिसेंबर 1204. जुना लेख वाचताना शकाचा आकडा एकटा कधी धरू नये. संवत्सर जुळले तरच तारीख पक्की. त्या वेळी वेणुग्रामात, म्हणजे बेळगावात, रट्ट घराण्यातला चौथा कार्तवीर्य राज्य करत होता आणि जिनालय बांधवणारा बीचिराज हा त्याचा मंत्री. महादेव यादव गादीवर येण्याच्या छप्पन्न वर्षे आधीची ही गोष्ट.

‘यादवांचे राज्य होतेच’ हा दावा बहुधा एका नामसाम्यातून आला असावा. सिंघण यादवाच्या सेनापतीचे नावही बीचण. रट्टांचे राज्य मोडून हा मुलूख यादवांकडे आणला तो याने, 1238च्या सुमारास. मंत्री बीचिराज आणि सेनापती बीचण या दोघांना एक धरले की बसदी आपोआप यादवांची होते.

चुन्याविना बांधणीचे तर बोलायलाच नको. पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर आठव्या शतकातले, अंबरनाथचे शिवमंदिर शके 982 म्हणजे 1060चे. दोन्ही अशीच कोरडी रचलेली. यात जादू काही नाही. दगडाच्या बैठकीच्या बाजू इतक्या सपाट तासायच्या की थर वजनानेच घट्ट बसतो. छताला चार कोपऱ्यांवर तिरके दगड टाकून चौकोन लहान करत न्यायचा, शेवटी मधोमध एक शिळा. बसदीच्या मंडपातले बहात्तर पाकळ्यांचे कमळ पाहायला मान वर कराल तेव्हा त्याखालचे खांबही नीट पाहा. गोल वळ्या चरकावर, म्हणजे लेथसारख्या यंत्रावर, फिरवून काढलेल्या आहेत. असे काम मऊ, बारीक कणांच्या दगडात साधते. सह्याद्रीच्या काळ्या कातळात ते फार अवघड. ही सगळी कल्याणीच्या चालुक्यांपासून चालत आलेली कानडी मुलखातली कारागिरी आहे. कोरड्या सांध्यांचे खरे वैरी म्हणजे पिंपळाचे मूळ आणि डागडुजीत भरलेले सिमेंट. सिमेंटने सांधा बंद झाला की आत शिरलेले पाणी अडकते आणि दगडाच्या कडा झडू लागतात.

कानडी लेख मागाहून बसवले म्हणावे, तर त्यांतली राजांची नावे, संवत्सर आणि दाने इतर लेखांशी जुळतात कशी? बाराव्या-तेराव्या शतकात इथल्या राजांची दरबारी भाषा कानडी होती, म्हणून लेख कानडीत आहेत. आज आपण घरात काय बोलतो, याचा निकाल त्यावरून लागत नाही. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठी ओळ आहे म्हणून हासन जिल्हा कुणी मराठी ठरवत नाही.

गंमत अशी की कानडी मुलखात हाच प्रकार जखणाचारी या दंतकथेतल्या शिल्पकाराच्या नावाने चालतो. जुने, सुंदर, कोरीव देऊळ दिसले की ते जखणाचारीचे. दोन्ही बाजूंच्या आख्यायिका आजीने नातवंडांना सांगाव्यात इतक्या गोड आहेत. देवळापुढच्या फलकावर मात्र लेखातलेच नाव हवे.

यादवांचा अस्सल पुरावाच पाहायचा असेल तर कृष्णेच्या काठी, कोल्हापूर जिल्ह्याच्या टोकाला खिद्रापूर आहे. कोपेश्वराच्या देवळात सिंघण यादवाचा 1213च्या सुमाराचा देवनागरी लिपीतला लेख आहे, कुडलदामवाड गावाच्या दानाचा. तोसुद्धा हेमाद्रीच्या जवळजवळ अर्धशतक आधीचा, आणि ते देऊळही लेखाच्या आधी उभे असलेले, शिलाहारांच्या काळातले.