‘केरळात मरणारे जास्त’, म्हणून बाळंतपण तिकडे नको?

भाची कोचीला असते, सहावा महिना चालू आहे. परवा तिच्या सासूबाईंच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर ‘केरळ मॉडेलची पोलखोल’ नावाचा, म्हणजे केरळच्या आरोग्य-शिक्षणातल्या प्रगतीचं कौतुक खोटं आहे असं सांगणारा लांबलचक मेसेज आला आणि त्यातला दुसरा मुद्दा वाचून घरात ठरायला लागलं की बाळंतपण तिकडे नकोच. पहिलं बाळंतपण माहेरी करायला ती आली तर आनंदच आहे, डिंकाचे लाडू आम्ही करू. पण ‘केरळचा मृत्यूदर देशापेक्षा जास्त, तिथली हॉस्पिटलं म्हणजे नुसती जाहिरात’ असं सांगून पोटुशी बाईला घाबरवणार असाल, तर मला तोंड उघडावंच लागेल.

आकडा खरा आहे, हीच तर गंमत. केंद्र सरकारच्या महानिबंधक कार्यालयाची नमुना नोंदणी पाहणी असते. तिच्यात 2020 साली हजार लोकसंख्येमागे केरळात 7 मृत्यू, देशात 6, महाराष्ट्रात 5.5. मेसेजवाल्याने तेवढंच उचललं आणि पुढचं पान उलटायचे कष्ट घेतले नाहीत. हा दर सगळ्या वयाच्या माणसांचा मिळून काढलेला असतो. जिथे म्हातारी माणसं जास्त, तिथे तो वर जाणारच, दवाखाने कितीही चांगले असोत. 2011 च्या जनगणनेत केरळात साठीपुढची माणसं 12.6 टक्के होती, देशात 8.6. मुलं कमी जन्मतात, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) एका बाईमागे सरासरी 1.8. आणि त्याच मेसेजचा पहिला मुद्दा काय, तर ‘अर्धा केरळ गल्फमध्ये’. अहो, कमावती माणसं बाहेर गेली आणि आजी-आजोबा घरी राहिले, तर हजारी मृत्यूदर वाढणार नाही तर काय होणार? पहिल्या मुद्द्यातच दुसऱ्याचं उत्तर आहे, फक्त लिहिणाऱ्याला ते दिसलं नाही.

बाळंतिणीसाठी बघायचे आकडे वेगळे असतात आणि तेही याच पाहणीत आहेत. 2020 मध्ये हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली बाळं केरळात 6, महाराष्ट्रात 16, देशात 28. 2018-20 या काळात लाख जन्मांमागे मातामृत्यू केरळात 19, आपल्याकडे 33, देशात 97. हे आपोआप झालेलं नाही. घरी बाळंत होणं तिथे जवळपास संपलंय. 2004 पासून तिथली प्रसूतितज्ज्ञांची संघटना मातामृत्यूंचे कागद नावगाव झाकून तपासते. कुठे उशीर झाला, काय टाळता आलं असतं, एवढंच बघायचं, कुणाला फासावर चढवायचं नाही. त्यातून अतिरक्तस्राव आणि वाढलेलं बीपी ही कारणं ठळकपणे पुढे आली आणि लेबर रूममध्ये त्यावर काय नि कसं करायचं हे ठरवून दिलं गेलं. आपल्या मुंबई-पुण्याच्या हॉस्पिटलांत मल्याळी सिस्टर असली की आपण निर्धास्त, आणि तिच्या गावचं हॉस्पिटल मात्र बोगस!

काळजी करायचीच असेल तर सिझेरियनची करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) केरळात 38.9 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, महाराष्ट्रात 25.4. हा प्रश्न भाचीने तिच्या डॉक्टरीणबाईंना जरूर विचारावा. मेसेजमध्ये नेमका हाच मुद्दा नाही.

आता गल्फच्या पैशाचं, म्हणजे पहिल्या मुद्द्यातल्या ‘मनीऑर्डरवर जगणारे’ या टोमण्याचं. अर्धा केरळ वगैरे काही नाही. 2023 च्या केरळ स्थलांतर पाहणीनुसार साडेतीन कोटींच्या आसपास लोकसंख्येतले सुमारे 22 लाख परदेशात होते. त्यांनी पाठवलेले पैसे मात्र सुमारे 2.17 लाख कोटी, म्हणजे राज्याच्या वर्षाच्या एकूण उत्पादनाच्या (सरकारच्या महसुलाच्या नव्हे) पाचव्या हिश्श्याच्या जवळपास. तेव्हा मुद्दा निम्मा खरा, मान्य. पण रिझर्व्ह बँकेच्या 2023-24 च्या पाहणीत परदेशातून आलेल्या पैशात पहिला नंबर महाराष्ट्राचा आहे, 20.5 टक्के. केरळ दुसरा, 19.7. मग आपणही ‘मनीऑर्डरवर जगणारे’ का?

‘कारखाने नाहीत’ हेही अर्धवट. विक्रांत ही विमानवाहू नौका कोचीच्या गोदीत बांधली गेली. मोठे कारखाने कमी आहेत, हे खरं. जमीन महाग आणि युनियनही तशाच. ट्रकमधला माल दुसऱ्याने उतरवला तरी बाजूला उभं राहून बघायचे पैसे मागायचे, या ‘नोक्कुकूली’ नावाच्या प्रकारावर सरकारला 2018 मध्ये बंदी घालावी लागली. यावर मी केरळची बाजू घेणार नाही.

‘एवढा पाऊस पडूनही तांदूळ बाहेरून आणतात, आळशी लोक’ हा मुद्दा लिहिणाऱ्याने नकाशा तरी बघायचा. एका बाजूला सह्याद्री, दुसरीकडे समुद्र, मधे चिंचोळी पट्टी. 44 नद्या, पण सगळ्या आखूड; सर्वांत लांब पेरियार 244 किलोमीटर. पावसाळ्यात पूर आणि मार्च-एप्रिलात विहिरी कोरड्या. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. त्यात चौरस किलोमीटरमागे 860 माणसं, महाराष्ट्रात 365 (2011). भातखाचरं घटली, कारण रबर-नारळात पैसा होता आणि घरांना जागा लागत होती. उरलेली वाचवायला 2008 मध्ये कायदा करावा लागला. आणि कुट्टनाडमध्ये समुद्रसपाटीच्या खालच्या शेतात बांध घालून, पंपाने पाणी उपसून भात पिकवणाऱ्याला आळशी म्हणायला वेगळंच धाडस लागतं.

शेवटचा मुद्दा, ‘तिथे हिंदू आता अल्पसंख्य’. 2011 च्या जनगणनेत हिंदू 54.73 टक्के, मुस्लिम 26.56, ख्रिश्चन 18.38. त्यानंतरच्या जनगणनेचे आकडे अजून आलेले नाहीत. मेसेज लिहिणाऱ्याने स्वतः दारोदार फिरून डोकी मोजली असतील, तर त्याने तसं कळवावं.