एकाच मागावर आहेर आणि हॉटेल

मालक, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचा टॉवेलचा कारखाना आहे, वडिलांपासूनचं गिऱ्हाईक आहे, आणि आता कुणीतरी तुमच्या डोक्यात भरवलंय की धंद्याला 'स्पर्धात्मक धोरण' लागतं. घाबरू नका. त्याला एक फ्लेक्स पुरतो. ऑफिसात शिरताच समोर दिसेल असा, लक्ष्मीच्या फोटोखाली लावा: 'दर्जा हेच आमचे धोरण'.

मग पुण्याहून सल्लागार बोलवा. तो वंदे भारतने रात्री उतरेल आणि सकाळी नाश्त्यालाच मायकेल पोर्टरचं नाव काढेल. या अमेरिकी प्राध्यापकांनी 1980 मध्येच सांगून ठेवलंय: एकतर सगळ्यांपेक्षा कमी खर्चात माल काढा, नाहीतर असा वेगळा काढा की गिऱ्हाईक हसत जास्त पैसे देईल. सगळा बाजार नको असेल तर एखादा कोपरा धरा. पण दोन्हीकडे हात मारणारा मधेच लटकतो. सल्लागाराचं सगळं ऐकून घ्या, शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून त्याला गाडीत बसवा, आणि दोन्हीकडे हात मारा.

तुमच्याकडे त्यासाठी माल तयारच आहे. पहिला, आहेराचा टॉवेल. हा अंग पुसायला जन्मलेलाच नसतो. टोपीसोबत तो एका मांडवातून दुसऱ्या मांडवात जातो, मामाकडून व्याह्याकडे, व्याह्याकडून चुलत्याकडे, आणि प्लॅस्टिकची पिशवी काही उघडत नाही. इथे गिऱ्हाईक फक्त भाव बघतं. दुसरा, हॉटेलचा टॉवेल. तो रोज लॉंड्रीत जातो, गरम पाणी आणि ब्लीच खातो, आणि तरी त्याने पाणी टिपलं पाहिजे. इथे गिऱ्हाईक जीएसएम मोजतं, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम वजन भरतं ते. दोन्ही धंदे चांगले आहेत. आहेराच्या टॉवेलवर सोलापुरात घरं उभी राहिलीत, त्याला हसायचं कारण नाही. तुम्ही फक्त दोन्ही एकाच सुतात, एकाच मुकादमाच्या हाताखाली, एकाच हिशेबात काढायचे.

सुरुवात खरेदीपासून करा. खरेदीवाल्याचा दिवाळी बोनस किलोमागे किती रुपये वाचवले यावर ठरवा. तो बिचारा इमानदार माणूस आहे. जे मोजाल ते तो आणून देईल. या गिरणीचा उरलेला लॉट, त्या गिरणीचा पडून राहिलेला लॉट. दोन लॉटचं सूत एका बीमवर, म्हणजे उभ्या सुताच्या रुळावर, चढलं की विणताना काही दिसत नाही. रंगातून बाहेर आलं की उभे पट्टे उमटतात. तेव्हा खरेदीवाला म्हणेल, रंगारी चुकला. रंगारी म्हणेल, "काय बे, सूत कसलं दिलं हे?" दोघांनाही तुमच्यासमोर बोलवू नका. भांडण चालू राहिलं की आपण कोणता टॉवेल विकतो हा प्रश्न कुणाला सुचत नाही.

मुकादमाचा बोनस मात्र शिफ्टला किती नग निघाले यावर ठेवा. हॉटेलची ऑर्डर लहान असते. काठावर त्यांचं नाव विणायचं, त्यासाठी जकार्डचं, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्राचं, डिझाइन बदलायचं, वेगळा बीम चढवायचा, तेवढा वेळ माग उभा. नगावर पोट असलेला शहाणा मुकादम ही ऑर्डर महिनाअखेरीला ढकलणारच. त्याच वेळी विक्रीवाला हॉटेलच्या मॅनेजरला फोनवर सांगत असेल, "पंधरा दिवसांत देतो साहेब." विक्रीवाल्याचा बोनस ऑर्डरवर आहे ना, डिलिव्हरीवर नाही.

फिनिशिंग खात्याला खास सांगून ठेवा की टॉवेल हाताला लोण्यासारखा लागला पाहिजे. ते सिलिकॉन सॉफ्टनर सढळ हाताने मारतील. दुकानात बोट फिरवणारा खूश होईल. अंघोळ करून आलेल्याच्या पाठीवरून मात्र पाणी नुसतं इकडचं तिकडे होईल, कारण जास्त सिलिकॉन लागलेला धागा पाणी शोषायला नाखूश असतो. तक्रार आली तर म्हणा, दोन धुण्यांनंतर बरा होईल.

रंगखात्यात पाणी आणि वाफ वाचवायची मोहीम काढा. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा या मोहिमेला कोण नाही म्हणेल? गडद रंगानंतरची गरम धुलाई एकदाच करायची, दुसरी कापायची. न चिकटलेला रंग कपड्यातच राहील आणि पुढे हॉटेलच्या पांढऱ्या चादरींवर उतरेल. तुमच्या पाण्याच्या बिलात मात्र घट दिसेल. त्या घटीबद्दल कर्मचाऱ्याचा सत्कार करा, शाल द्या. शाल बाहेरून आणा, धुवून बघितलेली.

आल्फ्रेड चँडलर नावाचे इतिहासकार 1962 मध्ये असं मांडून गेले की आधी धोरण ठरतं, मग त्याला साजेशी कंपनीची रचना उभी राहते. त्यांना सोलापुरातला मेव्हणा माहीत नव्हता. आपल्याकडे मेव्हणा पुण्याहून परत येतो, त्याला एक्स्पोर्ट खातं काढून देतात, केबिन होते, एसी बसतो, आणि मग त्या खात्याला शोभेल असं धोरण शोधायला सगळे बसतात.

महिन्याची मीटिंग चुकवू नका. प्रत्येक खात्याने आपापला आकडा हिरव्या रंगात दाखवावा. खरेदी हिरवी, उत्पादन हिरवं, विक्री हिरवी, पाणी हिरवं. बँकेचा ओव्हरड्राफ्ट तेवढा लाल, पण तो कुठल्याच खात्याचा नाही. मध्येच एखादा जुना जॉबर, म्हणजे माग लावून देणारा कारागीर, दारात उभा राहून विचारेल, "मालक, आपण आहेरवाले का हॉटेलवाले, ते एकदा सांगा की. त्या हिशेबाने बीम लावतो." त्याला चहा द्या आणि परत मागावर पाठवा.

आणि हॉटेलने गठ्ठे परत धाडले तर जीव टांगणीला लावू नका. वैशाखाची लग्नं तोंडावर असतात. टॉवेल प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, सोबत टोपी ठेवा, आणि आहेराच्या भावाने विकून टाका. खर्च हॉटेलचा लागला आणि भाव आहेराचा मिळाला, एवढाच काय तो फरक. तो किती, हे अकाउंटंटला विचारू नका, कारण तो सध्या सुताची बचत मोजतोय.