कोरम पूर्ण, जर्नल अपूर्ण

विद्यार्थी परिषदेचा सचिव कसा ओळखावा? तास ऐन रंगात आलेला असतो, दारातून कुणीतरी डोकं आत घालून 'जरा दोनच मिनिटं' म्हणतं, आणि सगळा वर्ग ज्याच्याकडे वळून बघतो तो सचिव. या दोन मिनिटांची खरी लांबी मला पाठ आहे. कमीत कमी 25 मिनिटं, आणि प्रकरणात कुलूपकिल्ली असेल तर अख्खा तास. निवडणुकीत लोकांच्या लक्षात भाषणं राहतात, त्यामुळे नव्या पदाधिकाऱ्याला वाटतं की काम म्हणजे भाषण. वर्षभराची भाषणं गोळा केली तर अर्धा तास भरेल. बाकी वर्ष सह्या, खुर्च्या आणि बिलं यांच्या नावावर. मधे कुठेतरी पदवीही घ्यायची असते.

म्हणून आधी हजेरीचं गणित. समजा एका विषयाचे सत्रात 40 तास होतात आणि अट 75 टक्क्यांची आहे. म्हणजे 30 तास बाकावर दिसायलाच हवं, 10 बुडाले तरी चालतात. दहाचा आकडा बघून हुरळून जाऊ नये. एक कार्यक्रम प्रत्येक विषयाचे निदान तीन तास गिळतो. आदल्या दिवशी सभागृह लावताना एक, कार्यक्रमात एक, आणि दुसऱ्या दिवशी खुर्च्या मोजून परत करताना एक. सत्रात तीन कार्यक्रम झाले की 9 संपले. उरलेला एक तास तापासाठी, आणि तापानेही तासाभरातच उतरायला हवं.

त्यातही सगळे तास सारखे नसतात. बुडालेल्या लेक्चरच्या नोट्स मिळतात. प्रॅक्टिकलचं तसं नाही. मित्राच्या जर्नलातून रीडिंग उतरवली की त्याचा जो बिंदू आलेखाबाहेर उडालेला असतो तोही इमानाने आपल्याकडे येतो, आणि तपासणाऱ्याला नेमका तोच दिसतो. त्यामुळे वेळापत्रकात प्रॅक्टिकलच्या बॅचवर आधी लाल रेघ, मग बैठका. 'कार्यक्रमाची हजेरी लावून देतात' हे अर्धसत्य आहे. कार्यक्रमाच्या आधी, सगळ्यांचे रोल नंबर जोडून, तारीख आणि तासांसकट अर्ज गेला असेल तर काही आशा असते. नंतर गेलेल्या अर्जावर फक्त सहानुभूती मिळते.

आता सह्या. सभागृहाच्या अर्जावर समजा चार सह्या लागतात. या चौघांचे मोकळे तास कधीच जुळत नाहीत, आणि चौथ्या सहीचा मालक पहिल्या तीन बघितल्याशिवाय पेनाचं टोपण काढत नाही. सहीसाठी दाराबाहेर उभं राहणं ही सचिवाची मुख्य शारीरिक कसरत. यावर मला एकच उपाय पटलेला आहे: चौघांचं वेळापत्रक सत्राच्या पहिल्याच आठवड्यात एका कागदावर उतरवून घ्यायचं आणि आपले मोकळे तास त्यावर बसवायचे. अर्ज एका पानाचा, एकाच विषयाचा. त्यात तारीख, माणसांची संख्या, वीज किती ठिकाणी लागेल, जबाबदार कोण. दोन विषय एका अर्जात घातले की त्यातल्या अवघड विषयापायी सोपाही अडकतो. अर्ज दोन प्रतींत. एक आवकमध्ये द्यायची, दुसरीवर शिक्का आणि तारीख घेऊन ती फाईलला लावायची. पोच नसलेला अर्ज म्हणजे आपण स्वप्नात दिलेला अर्ज.

आणि वेळ लिहिताना डोकं जागेवर ठेवावं. कार्यक्रम 11 ते 2 म्हणून अर्जातही 11 ते 2 लिहिणारा सचिव दरवर्षी एक तरी निघतोच. मग 11 वाजता कुलूप उघडतं, प्रेक्षक आणि खुर्च्या एकाच दाराने एकाच वेळी आत शिरतात, आणि पाहुणे व्यासपीठाचा कापड ताणायला मदत करतात. तीन तासांच्या कार्यक्रमाला सभागृह सहा तासांचं मागावं: आधी दोन, नंतर एक.

त्या आधीच्या दोन तासांतला निम्मा वेळ माईकचा. माईक किंचाळला की सगळे ऑपरेटरकडे रागाने बघतात. दोष बहुतेक वेळा उभं राहण्याच्या जागेचा असतो. स्पीकरमधून आलेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, वाढून बाहेर येतो, परत शिरतो, आणि हे चक्र फिरत राहिलं की कानठळ्या. स्पीकर व्यासपीठाच्या पुढच्या कडेला, प्रेक्षकांकडे तोंड करून, आणि माईक त्यांच्या मागे, एवढं केलं तरी बरंच भागतं. निवेदकाला माईकची जाळी मुठीत धरू द्यायची नाही. दिसायला रुबाबदार दिसतं, पण त्याने शिट्टी वाढते. कॉर्डलेस माईकमध्ये कार्यक्रमाच्या दिवशी नवेच सेल. 'कालच घातलेत' हे वाक्य ज्याच्या तोंडून येतं त्याला खिशात दोन जादा सेल ठेवायला सांगावं. आणि तपासणी 'हॅलो, हॅलो, वन टू थ्री'वर उरकू नये. निवेदकाला त्याच्या खऱ्या आवाजात चार वाक्यं बोलायला लावावी, कारण हॅलो म्हणताना माणूस ओरडतो आणि पाहुण्यांचा परिचय देताना पुटपुटतो.

बैठक हे मात्र स्वतंत्र दुखणं. परिषदेत 25 सभासद असतील आणि गणसंख्या (कोरम, म्हणजे सभा भरायला लागणारी किमान हजेरी) निम्म्यांपेक्षा जास्त अशी असेल, तर लागतात 13. येतात 12. हा निसर्गनियम असावा. तेरावा जिन्यात दिसतो, 'आलोच' म्हणतो आणि दुसऱ्या जिन्याने उतरतो. सगळ्यांना सोयीची वेळ शोधायला ग्रुपवर मतदान घेऊ नये. 25 जणांची 26 मतं येतात आणि जिंकलेल्या वेळेला 11 जण येतात. शेवटच्या तासानंतर लगेच, त्याच मजल्यावर, ठरलेल्या वारी. घराकडे वळलेलं पाऊल कोणतीही नोटीस परत फिरवत नाही.

सभेच्या नियमांचं पुस्तक चाळणाऱ्याला आम्ही चिडवतो, पण ज्याच्यावर सभा चालवायची वेळ येते तो गपचूप ते शोधतो. अमेरिकी सैन्यातला अभियंता हेन्री मार्टिन रॉबर्ट याला 1863 साली एका सभेचं अध्यक्षपद अचानक मिळालं, सभा हाताबाहेर गेली, आणि त्याने नियम गोळा करायला घेतले. 1876 साली ते छापले. लाजेतून निघालेलं असं भक्कम काम विरळाच.

नोटीस तीन दिवस आधी, आणि विषयपत्रिकेत प्रत्येक विषयापुढे मिनिटं लिहिलेली. पहिला विषय मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, शेवटचा अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. हा शेवटचा म्हणजे सभेचा उंबरठा. यात अडखळलं की पुढची बस चुकलीच. वार्षिक अंदाजपत्रक चार मिनिटांत मंजूर होतं, कारण ते कुणाला कळलेलं नसतं. टी-शर्टचा रंग मात्र प्रत्येकाला कळतो. ब्रिटिश लेखक सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी 1957 सालीच एका पुस्तकात ही गंमत मांडून ठेवली: समिती अणुभट्टीवर अडीच मिनिटं बोलते आणि सायकली ठेवायच्या शेडवर पाऊण तास. त्यांच्या समितीत टी-शर्ट नव्हते, नाहीतर पुस्तकाचे दोन खंड झाले असते. माझा तोडगा असा की रंग चर्चेला आणायचाच नाही. तीन रंगांचे नमुने आणायचे, हात वर करायला सांगायचे आणि आकडा लिहून टाकायचा.

इतिवृत्त त्याच रात्री लिहावं. दुसऱ्या दिवशी फक्त भांडणं आठवतात, ठराव नाही. 'सविस्तर चर्चा झाली' हे वाक्य लिहिताना हात थरथरायला हवा. ठराव, सूचक, अनुमोदक, काम कोणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत, एवढं पुरे. 'सर्वांनी मिळून करावे' असं लिहिलेलं काम शेवटी सचिवच करतो, तेही चाचणी परीक्षेच्या आदल्या रात्री.

पैशांचं थोडक्यात. उचल घेतली की त्या दिवसापासून एक पाकीट, आत येईल ती पावती, मागे पेन्सिलीने कारण. बिल संस्थेच्या नावाचं हवं, आपल्या टोपणनावाचं चालत नाही. आणि गुळगुळीत कागदावरच्या छापील पावत्यांवर भरवसा नको. त्यांना शाई नसते, कागद उष्णतेने काळा होतो, म्हणून ऊन किंवा काही प्लॅस्टिकची पाकिटं लागली की अक्षरं उडतात. त्याच दिवशी झेरॉक्स काढून मूळ पावतीला टाचावी. हिशेब मागायला येणारा माणूस दोन महिन्यांनी येतो आणि त्याला कोरा कागद दाखवून 'यावर 48 फुलं होती' असं सांगणं अवघड जातं.

उरल्या तक्रारी. ग्रुपवर रात्री साडेअकराला संदेश येतो: 'पंखा चालत नाही, परिषद झोपली आहे का?' हो, झोपलीच होती. कोणता पंखा, कोणत्या खोलीतला, याचा पत्ता नाही. सांगणाऱ्याकडून तीन गोष्टी काढून घेतल्याशिवाय तक्रार पुढे पाठवू नये: खोली क्रमांक, पंखा कितवा, आणि तो नेमकं करतो काय. गुणगुणतो पण फिरत नाही, आणि काठीने ढकलला की सुरू होतो, असं असेल तर बहुतेक कपॅसिटर गेलेला असतो. (ढकलून बघायचा शौक कुणी करू नये, पण कुणीतरी केलेला असतोच.) हे अर्जात लिहिलं की वायरमन पहिल्याच खेपेला कपॅसिटर घेऊन येतो. नाहीतर तो आधी पंखा बघायला येतो, मग कपॅसिटर आणायला जातो, मग सुट्टी लागते, मग हिवाळा येतो आणि तक्रार आपोआप निकाली निघते. निकाल, फेरतपासणी, परीक्षेची तारीख या गोष्टी परिषदेच्या हातात नसतात. तसं त्याच रात्री सांगून टाकावं. 'बघतो' म्हणालात की तुम्ही ते काम अंगावर घेतलंत असा सर्वमान्य अर्थ होतो.

सत्र संपताना नव्या सचिवाकडे फाईल सोपवायची असते. त्यात अर्जांच्या शिक्का मारलेल्या प्रती, इतिवृत्ताची वही, ग्रुपचे आणि ईमेलचे पासवर्ड, सभागृहाच्या खुर्च्यांची संख्या (मोडक्या वेगळ्या), आणि सह्या करणाऱ्यांच्या मोकळ्या तासांचा तो कागद. नवा सचिव आनंदात असतो, भाषणाच्या तयारीत असतो, न वाचता फाईल काखेत मारून निघतो. त्याला जरा दोनच मिनिटं थांबवावं आणि दोन प्रतींत पोच घ्यावी.