वरच्या मजल्यांचं काय?

फरसबंदी, दिवे आणि पार्किंग झालं की छोट्या शहराच्या जुन्या बाजारपेठेत गर्दी आपोआप परतेल, हे लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. वरच्या मजल्यांचा उल्लेखच नाही! मी अशाच बाजारपेठेत दुकानावरच्या खोल्यांत सहा वर्षं राहिलोय. शेजारच्या दुकानदाराने शोकेस रुंद करायला आतला लाकडी जिना काढून टाकला आणि त्याच्या वरच्या दोन खोल्या कायमच्या बंद पडल्या. खिडकीच्या फुटक्या काचेतून कबुतरं आत-बाहेर करायची. नवा जिना, आग लागल्यास बाहेर पडायची वाट, वेगळं मीटर हे सगळं एकट्या मालकाला झेपत नाही. करसवलत द्यायचीच तर इथे द्या. वर माणसं राहिली की दुकानांना रोजचं गिऱ्हाईक मिळतं, रात्री रस्ता ओस पडत नाही.

आणि हे सांभाळणारं कोणीतरी हवं. अमेरिकेत १९७७ साली गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन छोट्या शहरांत जुन्या बाजारपेठा पुन्हा जिवंत करण्याचा 'मेन स्ट्रीट' प्रयोग सुरू झाला, तेव्हा प्रत्येक ठिकाणी पूर्णवेळ व्यवस्थापक नेमला होता. आपल्या चर्चेत ठेकेदार येतो, हा माणूस कधीच येत नाही.